मोहनसिंगांची फौज

सुभाषचंद्र बोस २ जुलै १९४३ रोजी सिंगापुरात उतरले, तोपर्यंत आझाद हिंद फौज एकदा उभी राहिली होती, एकदा मोडली होती आणि डागडुजी करून पुन्हा अर्धीमुर्धी उभी केली गेली होती. आपल्याकडे मात्र शाळेतल्या धड्यांपासून २३ जानेवारीच्या भाषणांपर्यंत ही कथा पाणबुडीच्या प्रवासापासून सुरू होते, आणि त्या आधीच्या दीड वर्षाला फार तर एखादे वाक्य मिळते. नेताजींच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रकाशच असा आहे की त्यांच्या आधी तिथे उभी असलेली माणसे अंधारात जावीत, यात नवल नाही. तरीही गेली काही वर्षे या विषयावरचे जे हाती येईल ते वाचताना माझे मन पुन्हा पुन्हा त्या दीड वर्षातच घोटाळते. ज्या सैन्यामागे राज्य नाही, खजिना नाही, स्वतःची भूमी नाही, ते सैन्य कोणाच्या हुकमाने चालते, हा प्रश्न तिथे जितका उघडावाघडा दिसतो तितका नंतर कधीच दिसत नाही.

त्या सैन्याचा पहिला सेनापती एक कॅप्टन होता. मोहनसिंग यांचा जन्म १९०९ साली सियालकोटजवळच्या उगोके या खेड्यात झाला. वडील त्यांच्या जन्माआधीच वारलेले. १९२७ साली ते १४ पंजाब रेजिमेंटमध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले, पुढे अधिकारीपदासाठी निवडले गेले आणि नौगावचे किचनर कॉलेज व डेहराडूनची लष्करी अकादमी असा प्रवास करून १९३५ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. खांद्यावर बंदूक घेऊन पहाऱ्याला उभे राहिलेला माणूस अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये येऊन बसतो, तेव्हा दोन्हीकडचे बारकावे त्याला दिसत असतात. जवानाशी जवानाच्या भाषेत बोलण्याची त्यांची हातोटी मला वाटते तिथूनच आली. १९४१ च्या मार्चमध्ये त्यांची पलटण, पहिली बटालियन, मलायात पोहोचली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायाच्या उत्तर भागात घुसले आणि ११ तारखेला जित्राच्या पुढच्या फळीत असलेल्या या पलटणीवर भर पावसात रणगाडे चालून आले. मलायातल्या ब्रिटिश सेनेकडे स्वतःचे रणगाडे नव्हते आणि तिथल्या कित्येक हिंदी शिपायांनी जन्मात रणगाडा पाहिलेला नव्हता. काही तासांत पलटणीची वाताहत झाली. रबराच्या मळ्यांतून, दलदलीतून आणि जंगलातून उरलेली माणसे वाट फुटेल तिकडे गेली. त्यांत मोहनसिंगही होते आणि त्यांचा जखमी इंग्रज कमांडिंग ऑफिसरही होता. काही दिवस असे भटकल्यावर ते अलोर स्टार या गावाजवळ जपान्यांच्या हाती लागले.

तिथे त्यांना भेटले मेजर इवाइची फुजिवारा आणि ग्यानी प्रीतमसिंग. फुजिवारा हा जपानी लष्कराच्या गुप्तवार्ता विभागातला तरुण अधिकारी. हिंदी सैनिकांना ब्रिटिशांपासून फोडण्यासाठी त्याच्या हाताखाली बँकॉकमध्ये मूठभर माणसांचे एक पथक उभे केले गेले होते. प्रीतमसिंग हे बँकॉकमधल्या हिंदी स्वातंत्र्यवाद्यांपैकी. या दोघांनी मोहनसिंगांना कैदी म्हणून वागवले नाही. अलोर स्टारमध्ये लुटालूट माजली होती, ती आवरण्याचे काम फुजिवाराने त्यांच्याकडेच सोपवले आणि काल हरलेल्या हिंदी शिपायांनी आज त्या गावात गस्त घातली. त्याच दिवसांतला एक प्रसंग फुजिवाराच्या आठवणींत आहे. त्याच्या पथकातली माणसे आणि हिंदी अधिकारी-शिपाई एकत्र जेवायला बसले. जेवण हिंदी पद्धतीचे होते आणि जपानी अधिकारीही हाताने जेवत होते, अर्थातच काहीसे अवघडत. मोहनसिंग त्या वेळी म्हणाले की, ब्रिटिशांच्या खांद्याला खांदा लावून लढूनही असे एकत्र जेवण आम्हाला कधी मिळाले नाही. मेसमध्ये अधूनमधून हिंदी पदार्थ असावेत एवढी मागणीसुद्धा मान्य झाली नाही.

एखादे सैन्य एका जेवणावर उभे राहते असे मला सुचवायचे नाही, आणि फुजिवारा ज्या कामगिरीवर होता ती पाहता तो हा प्रसंग रंगवूनच सांगणार. पण मोहनसिंगांनी जे सांगितले त्याला मलायात भरपूर आधार होता. तिथल्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी अधिकाऱ्यांना मज्जाव होता. डेहराडूनहून आलेल्या हिंदी अधिकाऱ्याचा पगार त्याच कामाच्या इंग्रज अधिकाऱ्यापेक्षा कमी होता. १९४० साली सिंगापुरातच हैदराबाद रेजिमेंटच्या एका पलटणीत एका हिंदी अधिकाऱ्याला परत धाडण्यावरून जवानांनी हुकूम मानायला नकार दिला होता. साम्राज्याची ताकद आहे तोवर अपमान गिळले जातात. ती ताकद चिखलात रुतलेली दिसली की तेच अपमान आठवू लागतात. मोहनसिंगांनी लगेच होकार दिला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अनेक दिवस त्यांनी फुजिवाराशी खल केला. राजाच्या नावाने घेतलेली शपथ मोडणे त्यांना जड जात होते, आणि जपान हिंदुस्थानात शिरला तर परत जाईल का, ही शंका त्यांना पहिल्या दिवसापासून होती. शेवटी डिसेंबर सरता सरता ते तयार झाले. हिंदी कैदी आपल्या ताब्यात असावेत आणि त्यांना दोस्त म्हणून वागवावे, हा त्यांचा आग्रह होता.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. योगायोग असा की, बरोबर सत्तावीस वर्षांपूर्वी, १५ फेब्रुवारी १९१५ रोजी, याच शहरात पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या हिंदी शिपायांनी उठाव केला होता आणि त्याबद्दल सत्तेचाळीस जणांना ऊट्रम तुरुंगाच्या भिंतीबाहेर जाहीरपणे गोळ्या घातल्या गेल्या होत्या. शरणागतीनंतर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन कैद्यांना चांगीकडे चालत जाण्याचा हुकूम झाला आणि हिंदी सैनिकांना वेगळे काढून १७ फेब्रुवारीला फॅरर पार्कच्या मैदानावर जमवले गेले.

सुमारे पंचेचाळीस हजार माणसे त्या दिवशी तिथे होती असे बहुतेक लेखनात आढळते. कर्नल हंट या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती सर्व जपान्यांच्या स्वाधीन केल्याचे जाहीर केले, हुकूम पाळत जा असे बजावले आणि तो निघून गेला. मग फुजिवारा जपानी भाषेत बोलला. त्याच्या बोलण्याचे आधी इंग्रजीत आणि मग हिंदुस्तानीत भाषांतर झाले. हिंदुस्तानीत बोलणारे होते लेफ्टनंट कर्नल निरंजनसिंग गिल. शेवटी फुजिवाराने हे सारे कैदी मोहनसिंगांच्या हवाली केले. एकाच दुपारी, एकाच मैदानावर, तीन वेगवेगळ्या मालकांच्या ताब्यातून गेलेली ही माणसे होती, आणि त्यांपैकी पहिल्या दोन वेळी त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मोहनसिंग त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलले, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी सेना उभारायची आहे असे सांगितले आणि कोण येणार असे विचारले. हात वर झाले, घोषणा झाल्या. गप्प बसलेलेही पुष्कळ होते.

आज फॅरर पार्क हे भुयारी रेल्वेचे एक स्थानक आहे. लिटल इंडियातली गर्दी तिथून चालण्याच्या अंतरावर आहे, आणि एके काळी घोड्यांच्या शर्यती होत असलेल्या त्या मैदानाचा काही भाग अजून मोकळा आहे. मी तिथे गेलो तेव्हा मुले फुटबॉल खेळत होती आणि माझ्या मनात एकच व्यावहारिक प्रश्न येत होता, की ध्वनिक्षेपक असला तरी पंचेचाळीस हजारांपैकी मागच्या रांगांना नेमके काय ऐकू आले असेल. त्यांच्या कानांवर बहुधा पुढच्या रांगांचा गलका पडला असावा, आणि बाकीचा अर्थ त्यांनी छावणीत परतल्यावर एकमेकांकडून लावला असावा.

यानंतरच्या महिन्यांत जे घडले त्यात मला सर्वांत जास्त रस आहे, कारण नेतृत्वाची खरी कसोटी तिथे लागली. मोहनसिंग आता जनरल होते. पण कालपर्यंत ते कॅप्टन होते, आणि कैद्यांमध्ये त्यांच्याहून वरच्या हुद्द्याचे हिंदी अधिकारी होते. गिल लेफ्टनंट कर्नल होते. जगन्नाथराव भोसलेही लेफ्टनंट कर्नल होते. हे भोसले म्हणजे सावंतवाडीकडच्या तिरोडे गावचे. डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात शिकून ते सँडहर्स्टला गेले होते आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत अधिकारी झाले होते. सैन्यात ज्येष्ठता ही हाडात भिनलेली गोष्ट असते. सँडहर्स्टहून आलेल्याने शिपाईगिरीतून वर आलेल्याला सलाम ठोकायचा, हे शांततेच्या काळात कल्पनेबाहेरचे होते. कैद्यांतलेच एक अधिकारी शाहनवाझ खान यांनी पुढे लाल किल्ल्यातल्या खटल्यात दिलेल्या निवेदनात हे स्पष्टच सांगितले की, मोहनसिंगांना आपण बऱ्याच वर्षांपासून ओळखत होतो, ते कार्यक्षम पण बेताचे अधिकारी होते आणि राजकारणात जपान्यांना पुरून उरण्याची कुवत त्यांच्यात आहे असे आपल्याला वाटत नव्हते. शाहनवाझ यांच्या या बोलण्यात खानदानी लष्करी घराण्याचा थोडा ताठा जाणवतो, पण मुद्दा खोटा नव्हता.

मोहनसिंगांकडे अधिकार आला तो कोणत्या राजाकडून, सरकारकडून किंवा पक्षाकडून आलेला नव्हता. सर्वांत आधी त्यांनी होकार दिला होता आणि फुजिवाराचा त्यांच्यावर विश्वास होता, एवढेच त्याचे मूळ. असा अधिकार टिकवायचा तर माणसांना स्वतःशी बांधून घ्यावे लागते. ते त्यांनी केले. फौजेत येणाऱ्यांचे वचन त्यांच्या नेतृत्वाशी जोडलेले होते, आणि त्या वेळी दुसरे कशाशी ते जोडता येण्याजोगे तिथे काही नव्हतेही. पण व्यक्तीशी बांधलेल्या सैन्यात एक धोका असतो: ती व्यक्ती हटली की सैन्याचे काय, याला उत्तर नसते. हे त्यांना कळत होते की नाही, हे डिसेंबरपर्यंत कोणालाच उमगले नाही.

या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या लेखनात ती सोयीस्करपणे गाळली जाते. जे फौजेत यायला तयार नव्हते त्यांचे सारेच गोमटे झाले नाही. काही छावण्यांत दडपण आले, मारहाण झाली, नकार देणाऱ्या अधिकाऱ्यांना वेगळे डांबले गेले. फौजेबाहेर राहिलेल्या हजारो हिंदी कैद्यांना जपान्यांनी मजूर म्हणून न्यू गिनीसारख्या ठिकाणी नेले आणि त्यांतले फार थोडे परतले. राजाची शपथ पाळणारा शिपाई भित्रा होता आणि मोडणारा शूर, अशी वाटणी त्या छावण्यांत करता येत नाही. भूक, आजार, आदल्या शपथेचे ओझे, घरच्यांची काळजी आणि खरोखरीचे देशप्रेम अशा सगळ्याच गोष्टी एकेका माणसात होत्या.

फौजेचे राजकीय अंग त्याच वेळी वेगळीकडे आकार घेत होते. मार्च १९४२ मध्ये तोक्योत पूर्व आशियातल्या हिंदी स्वातंत्र्यवाद्यांची परिषद भरली. तिच्याकडे निघालेले एक विमान कोसळून प्रीतमसिंग, स्वामी सत्यानंद पुरी आणि आणखी दोघे प्रतिनिधी मरण पावले, आणि मोहनसिंगांना या वाटेवर आणणारा माणूस अगदी सुरुवातीलाच गेला. परिषदेचे अध्यक्ष होते रासबिहारी बोस. ते १९१५ साली हिंदुस्थानातून निसटून जपानला गेले होते, तिथेच लग्न करून जपानी नागरिक झाले होते आणि जपानी दरबारात त्यांचे वजन होते. नेमकी हीच गोष्ट मोहनसिंगांना खुपत होती. जून महिन्यात बँकॉकच्या परिषदेत कृतिमंडळ नेमले गेले. त्यात रासबिहारी अध्यक्ष, मोहनसिंग लष्करी सभासद आणि राघवन, मेनन व गिलानी असे इतर होते. फौज या मंडळाच्या हुकमतीखाली असेल असे ठरले. हिंदुस्थानच्या सार्वभौमत्वाला जपानने मान्यता द्यावी वगैरे मागण्यांचा लांबलचक ठराव जपान सरकारला पाठवला गेला. त्याचे उत्तर आले ते गोड, गुळमुळीत आणि नेमके काहीच न सांगणारे होते. मधल्या काळात फुजिवाराची बदली होऊन त्याच्या जागी कर्नल इवाकुरो आला होता. आधीच्याचा जिव्हाळा, खरा असो वा कामापुरता, नव्या माणसाकडे नव्हता.

एप्रिलमध्ये बिदादारी छावणीत अधिकाऱ्यांनी जो ठराव केला होता, तो मला या सगळ्या कागदांत सर्वांत मोलाचा वाटतो. जात, धर्म, प्रांत यांच्या वर आपण आहोत असे त्यात म्हटले होते, आणि हेही म्हटले होते की, राष्ट्रसभेने, म्हणजे काँग्रेसने, आणि हिंदुस्थानातल्या जनतेने हाक दिल्यावरच ही फौज लढाईत उतरेल. म्हणजे परमुलखात, परक्याच्या बंदुकांच्या छायेत, आपल्यामागे कोणतेच सरकार नसताना या लोकांनी एक सरकार मनाने निवडले आणि त्याच्या हुकमाची वाट पाहायचे ठरवले. ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून ‘छोडो भारत’ची घोषणा झाली, तिची बातमी रेडिओवरून सिंगापुरात पोहोचली आणि हीच ती हाक असे मोहनसिंगांनी मानले. १ सप्टेंबर १९४२ रोजी सुमारे सोळा हजार सैनिकांचा पहिला विभाग रीतसर उभा राहिला. गनिमी पद्धतीने लढणाऱ्या तुकड्यांना गांधी, नेहरू आणि आझाद ही नावे दिली गेली. ज्यांची नावे दिली त्या तिघांनाही ९ ऑगस्टच्या पहाटे ब्रिटिशांनी उचलले होते. त्यांच्यातल्या पहिल्याला आपल्या नावाचे सैन्य पाहून काय वाटले असते, याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. याखेरीज ‘हिंदुस्थान फील्ड फोर्स’ नावाचे एक दल होते आणि त्याचे प्रमुख भोसले होते. हत्यारे सारी ब्रिटिशांकडून हाती लागलेली.

इथून पुढे गोष्टी झपाट्याने बिघडल्या. मोहनसिंगांना मोठे सैन्य हवे होते, जपान्यांना ते लहान आणि प्रचाराच्या कामाचे हवे होते. फौजेत न आलेल्या कैद्यांचा ताबा स्वतःकडे घेण्याचा हट्ट जपान्यांनी धरला. ब्रह्मदेशात पाठवलेल्या हेरांपैकी एक अधिकारी ब्रिटिशांना जाऊन मिळाला आणि त्याचे खापर गिल यांच्यावर फुटले. मग डिसेंबरच्या सुरुवातीला फौजेची एक तुकडी ब्रह्मदेशाला नेण्यासाठी जपान्यांनी जहाजाची तयारी केली, तेव्हा आधी मान्यतेचे उत्तर द्या, मगच माणसे हलतील, असे सांगून मोहनसिंगांनी ती चढवायला नकार दिला. ८ डिसेंबरला गिल यांना जपान्यांनी अटक केली. कृतिमंडळातले सभासद एकामागून एक बाहेर पडले आणि अखेर रासबिहारी एकटे उरले. फौज मंडळाची आहे, असे रासबिहारींचे म्हणणे होते. ती मला दिलेल्या वचनावर उभी आहे, असे मोहनसिंगांचे होते. २९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांना पदावरून दूर करून ताब्यात घेतले गेले. आपल्याला अटक झाली तर फौज विसर्जित समजावी, असा हुकूम त्यांनी आधीच काढून ठेवला होता. छावण्यांत कागदपत्रे जाळली गेली, बिल्ले उतरवले गेले.

या निर्णयाबद्दल माझे मत अनेकदा बदलले आहे. कधी वाटते, हजारो माणसांना एका वाटेवर आणून मध्येच ‘आता घरी जा’ म्हणणारा सेनापती बेजबाबदार होता, कारण घरी जाण्याची सोय कोणालाच नव्हती. फौजेबाहेर पडणे म्हणजे पुन्हा जपान्यांचा कैदी होणे, आणि त्याची किंमत काय ते न्यू गिनीने दाखवलेच. रासबिहारींवर त्यांनी घेतलेला संशयही मला अन्यायाचा वाटतो. सत्तावीस वर्षे परदेशात काढलेल्या, क्षयाने पोखरलेल्या त्या माणसाला जपान्यांशी भांडून काय मिळते आणि काय मिळत नाही हे मोहनसिंगांहून चांगले ठाऊक होते. पण मग दुसरी बाजू समोर येते. जपानच्या युद्धयंत्रणेला, तिचे पारडे अजून जड असताना, तिच्याच ताब्यातल्या बेटावर राहून ‘नाही’ म्हणणारी माणसे किती होती? मोहनसिंगांच्या हाती रसद नव्हती, दारूगोळा नव्हता, जहाजे नव्हती. फौज मोडण्याचा अधिकार तेवढा त्यांच्या हाती होता, आणि तो त्यांनी वापरला. ही सेना जपान्यांचे शेपूट होणार नाही हे त्यामुळे कागदावरच्या ठरावांपेक्षा जास्त ठसठशीतपणे नोंदले गेले, आणि नेताजी आल्यावर जपान्यांना त्यांच्याशी जरा जपून वागावे लागले त्यामागे या डिसेंबरचाही वाटा होता, असे मी आता मानतो.

मोडलेले पुन्हा जोडण्याचे काम भोसल्यांच्या वाट्याला आले. १९४३ च्या सुरुवातीला रासबिहारींनी फौजेची पुनर्रचना केली आणि तिच्या लष्करी कचेरीचे संचालक म्हणून भोसल्यांना नेमले. महंमद झमान कियानी आणि शाहनवाझ ही मंडळीही पुढे आली. हे सारे मोहनसिंगांहून कमी तडफदार होते असे म्हणता येईल. पण रोजची कवायत, शिधा, पगारपत्रके, पेटाऱ्यात ठेवलेले बिल्ले पुन्हा वाटणे, रुसलेल्या अधिकाऱ्यांची समजूत काढणे ही कामे तडफेने होत नाहीत. ५ जुलैला सिंगापूरच्या महापालिकेसमोरच्या मैदानावर नेताजींनी ज्या सैन्याची सलामी घेतली ते सैन्य त्या दिवशी तिथे रांगेत उभे होते, याचे मोठे श्रेय भोसल्यांचे आहे. कोकणात त्यांची आठवण काढणारे आहेत, पण उर्वरित महाराष्ट्रात त्यांचे नाव विचारले तर लोक गोंधळतात. स्वातंत्र्यानंतर ते रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी सुरू केलेली राष्ट्रीय शिस्त योजना काही वर्षे देशभरातल्या शाळांत चालली. १९६३ साली ते वारले.

नेताजींनी २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदचे हंगामी सरकार जाहीर केले, तेव्हा मोहनसिंगांना जी उणीव भरून काढता आली नव्हती ती भरून निघाली. सैनिकाची निष्ठा आता एका सरकारशी बांधली गेली. त्या सरकारला स्वतःची तिजोरी होती, मंत्रिमंडळ होते, त्यात सैन्याचे प्रतिनिधी म्हणून भोसलेही होते, आणि जपानसह अनेक देशांची मान्यता होती. १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात शाहनवाझ, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा भुलाभाई देसाईंनी आपला सारा युक्तिवाद याच पायावर रचला: पारतंत्र्यातल्या लोकांनाही आपले सरकार स्थापून युद्ध पुकारण्याचा हक्क आहे, आणि अशा सरकारच्या सैनिकाला राजद्रोही म्हणता येत नाही. मोहनसिंगांना जपान्यांनी आधी सिंगापूरजवळच्या एका बेटावर आणि नंतर सुमात्रात कैदेत ठेवले होते. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांना हिंदुस्थानात आणले, पण त्यांच्यावर खटला चालवला नाही. चालवला असता तर भुलाभाईंना या सरकारचा आधार घेता आला नसता, कारण १९४२ मध्ये ते नव्हतेच. त्यांना बिदादारीचा ठराव पुढे करावा लागला असता, आणि जपानी जहाजावर न चढलेल्या शिपायांपैकी दोघाचौघांना साक्षीला बोलवावे लागले असते.